व्हाउचरवरची सही

गाणी सगळी मोबाइलवर फुकट मिळतात, मग तुम्हा वादकांचं चालतं कसं, असं आता कुणीही विचारतं. लग्नात भेटलेला नातेवाईक विचारतो, क्लासला मुलाला सोडायला आलेली आई विचारते. विचारणाऱ्याला खरंच काळजी असते. पण त्या प्रश्नात एक समजूत गृहीत धरलेली असते: गाणी विकत घेतली जात होती तेव्हा आमचं बरं चाललं असणार. मी मुलुंडचा. ढोलकी वाजवतो. वडील लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यात होते. चाळीतल्या भजनी मंडळात माझा हात तयार झाला, आणि पुढे ऑर्केस्ट्रा, लावणीचे कार्यक्रम, भीमजयंतीच्या सुपाऱ्या आणि अंधेरीच्या स्टुडिओतल्या कॅसेट या सगळ्यावर घर चाललं. कॅसेट धो धो खपायच्या तेव्हाही त्या खपातला पैसा माझ्यापर्यंत आला नाही. आमच्यातल्या कुणापर्यंतच आला नाही. तो का आला नाही हे समजून घ्यायचं तर मोबाइल बाजूला ठेवून आधी मालाडला जावं लागतं.

हिमांशू राय आणि देविका राणी यांनी 1934 मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज काढली. तिथे वादक नोकरीला होते. सुतार, शिंपी, छायालेखक यांच्यासारखे तेही महिन्याच्या पगारावर. गाणं असो वा नसो, सकाळी हजेरी लावायची, तालीम करायची, पगार घ्यायचा. संगीत विभाग सरस्वती देवींकडे होता. त्यांचं मूळ नाव खुर्शीद मिनोचर-होमजी. पारशी घरातली मुलगी सिनेमात गेली म्हणून समाजात गदारोळ झाला आणि पडद्यासाठी हे दुसरं नाव घ्यावं लागलं. ‘अछूत कन्या’ची (1936) गाणी त्यांची. बॉम्बे टॉकीजमधूनच फुटून काही मंडळींनी 1943 मध्ये गोरेगावला फिल्मिस्तान काढलं. पुणतांब्याच्या राम चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, तिथे ‘शहनाई’ आणि ‘अनारकली’ केले. इकडे अंधेरीत विजय भट्टांच्या प्रकाश पिक्चर्सचा कारभार होता. ‘रामराज्य’ (1943) तिथला, संगीत शंकरराव व्यासांचं. आज ज्याला आपण पश्चिम उपनगर म्हणतो तो सगळा पट्टा तेव्हा शेताडीचा, पण गाणं-बजावणं हा तिथे महिन्याच्या पगाराचा रीतसर धंदा होता. मला वाटतं, मुंबईत वादकाला वेळेवर आणि बिनघोर पैसे मिळाले ते त्याच दहा-पंधरा वर्षांत.

महायुद्धानंतर चित्र बदललं. काळ्या बाजारातला पैसा घेऊन नवे निर्माते आले. त्यांना स्वतःचा स्टुडिओ नको होता, नोकरीवरची माणसं तर मुळीच नको होती. स्टुडिओ भाड्याने द्यायच्या जागा झाल्या आणि वादक शिफ्टवर आला. परळचं राजकमल, ताडदेवचं फेमस, दादरची बॉम्बे लॅब, वांद्र्याचं मेहबूब अशा ठिकाणी रेकॉर्डिंग व्हायचं. साठ-साठ, सत्तर-सत्तर माणसं एका गाण्याला बसायची. व्हायोलिनच्या रांगा, चेलो, ट्रम्पेट, अकॉर्डियन, तबला-ढोलक. त्यात गोव्याची माणसं फार, कारण त्यांना चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकवलेलं असायचं. संगीतकाराने गुणगुणलेली चाल सत्तर वाद्यांसाठी कागदावर उतरवणं हे काम सेबॅस्टियन डिसोझांसारख्या अरेंजरचं. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतले ते व्हायोलिनचे लोट त्यांनी लिहिलेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे असेच एक मोठे अरेंजर आणि व्हायोलिनचे गुरू. त्यांच्याकडे शिकलेल्या प्यारेलालनी 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या एका गाण्यात त्यांचं नाव घालून घेतलं, आणि ते नाव घरोघरी गेलं. पण ऐकणाऱ्याला ते पात्राचंच नाव वाटलं. या नावाचा खरा माणूस होता आणि त्याने आयुष्यभर इतरांची गाणी सजवली, हे फार थोड्यांना माहीत होतं.

शिफ्टवरच्या वादकांनी पन्नाशीच्या दशकात आपली संघटना बांधली, सिने म्युझिशियन्स असोसिएशन. वादकांच्या श्रेण्या ठरल्या, श्रेणीप्रमाणे दर ठरले, जास्त वेळ थांबवलं तर जादा पैसे ठरले. हे लहान काम नव्हे. शिफ्ट संपल्यावर निर्मात्याच्या माणसामागे पळायचं दुखणं त्यामुळे कमी झालं. पण संघटनेने हिशेब लावला तो तासांचा. रेकॉर्ड किती खपली, रेडिओवर किती वेळा वाजली, याच्याशी वादकाचा संबंध नाही हे सगळ्यांनी, वादकांनीसुद्धा, मान्य करून टाकलं होतं.

गायकांनी मात्र ते मान्य केलं नाही. 1949 मध्ये ‘महल’ची रेकॉर्ड आली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. गायलेल्या लता मंगेशकर होत्या. रेडिओवर पत्रांचा पाऊस पडला, गाणारी कोण म्हणून लोक विचारू लागले, आणि त्यानंतर गायकांची नावं रेकॉर्डवर यायला लागली. पुढची लढाई साठीच्या दशकाच्या सुरुवातीची. लतादीदींचं म्हणणं होतं, संगीतकाराला आणि निर्मात्याला रेकॉर्डच्या विक्रीवर रॉयल्टी मिळते तशी गायकालाही मिळाली पाहिजे. मोहम्मद रफींचं म्हणणं साधं होतं: गाण्याचे पैसे घेतले, व्यवहार संपला. रफीसाहेब भला माणूस, त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. आमच्या धंद्यात आजही या दोन बाजू आहेत आणि मी पूर्णपणे लतादीदींच्या बाजूचा आहे. गाण्याचं आयुष्य शिफ्टपुरतं नसतं. ते पन्नास वर्षं वाजत राहतं, आणि वाजतं तितक्या वेळा कुणाच्या ना कुणाच्या खिशात पैसा जातो.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे नाव छापलं की पोट भरलं का? तर नाही. आपल्याकडे नाव गाण्यातच गुंफायची पद्धत फार जुनी. अभंगात संताची मुद्रा येते, लावणीत शाहिराची, वामनदादा कर्डकांच्या भीमगीतात ‘वामन’ येतो. पठ्ठे बापूरावांचं नाव त्यांच्या लावण्यांत असायचं. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, घरदार सोडून फडात गेलेला माणूस. त्यांच्या लावण्या महाराष्ट्रभर गायल्या गेल्या, गाणाऱ्यांनी त्यावर फड चालवले, आणि बापूराव 1945 मध्ये पुण्यात विपन्नावस्थेत गेले. नाव होतं, पण नावामागे कायदा नव्हता.

कायदा आला तो 1957 चा. 1969 मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, उभी राहिली. गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाना देऊन पैसे गोळा करायचे आणि त्यांच्यात वाटायचे हे तिचं काम. पण 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी गाणं करून घेतलं असेल, तर वेगळा करार नसताना त्याचा पहिला मालक निर्माताच. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी एक पुरवणी जोडली. गाणं ज्याच्या गळ्यातून येतं त्या गायकाला आपल्या कायद्यात काहीच हक्क नाही याकडे त्यांनी लक्ष वेधलं आणि संसदेने विचार करावा असं सुचवलं. संसदेला त्यासाठी बराच काळ लागला. तोवर कॅसेट आली.

कॅसेटचा काळ मी आतून पाहिला, म्हणून इथे जरा थांबतो.

एचएमव्हीची रेकॉर्ड महाग, कंपनी मोठी, तिच्या दारात पोचायचं तर नाव लागायचं. जी. एन. जोशींसारखा जाणकार अधिकारी तिथे असला म्हणून मराठी भावगीत रेकॉर्डवर आलं, पण सगळ्यांना तिथे जागा मिळणं शक्य नव्हतं. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ती दारं मोडली. दिल्लीहून गुलशन कुमारांची टी-सीरिज आली. जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घ्यायची आणि निम्म्या किमतीत विकायची, याला कायद्यातल्याच एका तरतुदीचा आधार होता. मूळ गायकाला, मूळ वादकाला त्यातून काही मिळत नव्हतं. पण नव्या गायक-वादकांना काम मिळत होतं, हेही तितकंच खरं. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव या पट्ट्यात लहान-लहान स्टुडिओ निघाले. इमारतीच्या तळमजल्यावर, कुठे गाळ्यात, भिंतींना जाड कापड लावलेलं. भीमगीतं, भक्तिगीतं, कोळीगीतं, लोकगीतं, सगळं तिथे व्हायचं. प्रल्हाद शिंदे घराघरांत पोचले ते अशा कॅसेटनी, आणि त्यांचा मुलगा आनंद शिंदे ‘नवीन पोपट हा’ने रातोरात मोठा झाला. वेसाव्याच्या कोळीवाड्यातून ‘वेसावकर आणि मंडळी’ पुढे आली. कॅसेटच्या कव्हरवर एका गायकाचं नाव न टाकता गावाचं आणि मंडळीचं नाव टाकणारा तो संच मला फार मोलाचा वाटतो. गाणं एकट्याचं नसतं हे त्यांनी कव्हरवरच लिहून ठेवलं.

मी मुलुंडहून घाटकोपरला उतरायचो आणि तिथून 340 नंबरची बस धरून अंधेरीला जायचो. मांडीवर ढोलकीची पिशवी. स्टुडिओ एसी, बाहेर पाऊस. दमट हवेत पुडी उतरलेली असायची, आत कोरड्या थंडीत ती चढायला लागायची, म्हणून गाणं सुरू व्हायच्या आधी अर्धा तास नुसतं बसून वाद्याला खोलीची सवय होऊ द्यायची. मग पाना घेऊन बोल्ट एकेक पीळ फिरवत, पुडीच्या काठावर बोट मारत सूर मिळवायचा. सगळे बोल्ट एकसारखे ताणले गेले नाहीत तर शाईवरचा ‘तिं’ गोल येत नाही, फाटका येतो. रेकॉर्डिस्ट काचेमागून हात वर करायचा. एका दिवसात आठ गाणी, कॅसेटच्या दोन्ही बाजू. गायक एकदा येऊन कच्चं गाऊन जायचा, आम्ही त्यावर वाजवायचो, तो नंतर पक्कं गायचा. चाल ठरलेली असायची, पण उठान कुठून घ्यायचं, दोन कडव्यांमध्ये तोडा कोणता मारायचा, शेवट कसा सोडायचा, हे सांगणारं कुणी नसायचं. ते आम्ही जागच्या जागी करायचो. पुढे लग्नात, वरातीत लोक नाचायचे ते नेमके त्याच जागेवर.

संध्याकाळी पैसे मिळायचे. रोख, पाकिटात. समोर एक अरुंद व्हाउचर, वर महसुली तिकीट चिकटवलेलं, आणि इंग्रजीत एक ओळ टाइप केलेली: सर्व हक्कांसह पूर्ण मोबदला मिळाला, यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही. तिकिटावर आडवी सही करायची. एक प्रत त्यांच्याकडे, आमच्याकडे काही नाही. मी कॉपी मागितली तेव्हा उत्तर आलं, कशाला हवी, पैसे मिळाले ना. उत्तर देणारा वाईट नव्हता, त्यालाही वरून सांगितलेलं होतं. पण आमच्या पिढीच्या किती वादकांनी किती व्हाउचरवर सह्या केल्या आणि त्यातून काय काय लिहून दिलं याचा कागद आज आमच्यापैकी कुणाच्याही घरात नाही. कव्हरवर गायक, गीतकार, संगीतकार. फार झालं तर ‘संगीत संयोजन’. ढोलकी कुणाची, ते नाही.

1997 साल आमच्या उपनगराने विसरू नये. 11 जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण गेले. त्याच आठवड्यात मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या शाहीर विलास घोगरेंनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात त्यांचा आवाज आहे. पुढे ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट त्यांच्यापासूनच सुरू झाला. महिन्याभराने, 12 ऑगस्टला, अंधेरीत देवळाबाहेर गुलशन कुमारांचा खून झाला. कॅसेटच्या धंद्यातला सर्वांत श्रीमंत माणूस आणि वस्तीवस्तीत फुकट गाणारा शाहीर, दोघेही मुंबईच्या उपनगरांतच, एका महिन्याच्या आत गेले. या दोन मृत्यूंची कारणं वेगळी आहेत, त्यांची तुलना मी करत नाही. पण गाण्यातला पैसा कुठवर पोचतो आणि कुठे पोचत नाही, हे मला त्या पावसाळ्यात कळलं.

तोवर यंत्रं आली होती. आधी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, मग कॉम्प्युटर. व्हायोलिनची रांग गेली, चेलो गेले, मेहबूबच्या मोठ्या हॉलची गरजच उरली नाही. आमच्या ढोलकीचं थोडं वेगळं झालं. एखाद्या शिफ्टला बोलावून सांगायचे, गाणं नाही, नुसते ठेके वाजवा. चार मात्रांचे, सहाचे, आठचे, वेगवेगळ्या लयीत. ते तुकडे मशीनमध्ये साठवून ठेवायचे आणि पुढे कितीही गाण्यांत लावायचे. मी अशी एक शिफ्ट वाजवली. नंतर भांडुपच्या एका मंडपात स्पीकरवर एक नवं गाणं लागलं आणि त्यातला ठेका माझा होता. डाव्या पुडीवरचा घिस्सा मी जरा लांब ओढतो, तो तसाच्या तसा. संगीतकार मला ओळखत नव्हता, मी त्याला नाही. त्या ठेक्यावर त्याने किती गाणी केली ते मोजायची सोयच नाही.

मग एमपी3 आली. घाटकोपर, कुर्ला, अंधेरी स्टेशनांच्या पुलांवर एका सीडीत शंभर-दीडशे गाणी. त्यानंतर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं. कॅसेट कंपन्या कोर्टात गेल्या. 2012 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशाने शंभराहून जास्त संकेतस्थळं बंद करायला लावली. तरी विक्री परत आली नाही. फुकट गाण्याने आमचं काहीच नुकसान झालं नाही असं मी म्हणणार नाही. झालं. अल्बम काढायचे बंद झाले, म्हणून अंधेरीतले ते लहान स्टुडिओ बंद झाले, म्हणून आमच्या शिफ्टा गेल्या. आम्हाला रॉयल्टी कधी नव्हतीच, त्यामुळे ती बुडण्याचा प्रश्न नव्हता. बुडाला तो रोज. आणि त्याच सुमाराला रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद झाले. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 चे. नियम योग्यच आहेत, आजारी माणसाला झोप लागली पाहिजे. पण रात्रभर चालणारे कार्यक्रम आटले, एका रात्रीतल्या दोन सुपाऱ्या एकीवर आल्या. वादकाची नाईट ही स्टुडिओ बंद पडल्यावरची त्याची शेवटची हुकमी कमाई होती.

आता कायद्याची गोष्ट पुन्हा उचलतो, कारण खरी गाठ तिथेच आहे. 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी जीव तोडून बोलले. 21 जून 2012 पासून तो लागू झाला. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा आता विकत घेता येत नाही, लिहून घेता येत नाही. व्हाउचरवर सही घेतली तरी ती चालत नाही. पुढच्याच वर्षी गायकांची संस्था नोंदली गेली, आणि 2017 च्या नोव्हेंबरात आयपीआरएसची नव्या कायद्याखाली पुन्हा नोंदणी झाली. स्ट्रीमिंगच्या कंपन्यांकडून, वाहिन्यांकडून, हॉटेलांकडून आता पैसे येतात आणि सदस्य गीतकार-संगीतकारांना वाटले जातात. ज्यांनी चाळीस वर्षं एक पैसा पाहिला नव्हता अशांच्या खात्यात पैसे जमा झाले. हा फार मोठा विजय आहे.

आणि वादक? कायद्याच्या व्याख्येत आम्ही आहोत. सादरकर्ता म्हणजे नट, गायक, वादक, नर्तक, अगदी डोंबारी आणि गारुडीसुद्धा. त्याला व्यापारी वापरावर रॉयल्टीचा हक्क आहे. पण 2012 मध्येच त्या व्याख्येला एक शेपूट जोडलं गेलं. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ वा प्रासंगिक आहे, आणि उद्योगाच्या रूढ पद्धतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा इतर कुठेही येत नाही, त्याला सादरकर्ता मानायचं नाही. हे वाक्य मी अनेकदा वाचलं आहे. सत्तर वर्षं आमचं नाव कुणी छापलं नाही, आणि आता नाव छापलेलं नाही हेच हक्क नसल्याचं कारण ठरू शकतं. माझं काम किरकोळ नव्हतं असं मी कोर्टात सिद्ध करायला जावं, तर माझ्याकडे त्या व्हाउचरची कॉपीसुद्धा नाही.

हे जगात सगळीकडे असंच असतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत 1 ऑगस्ट 1942 ला जेम्स पेट्रिलो नावाच्या वादकांच्या पुढाऱ्याने रेकॉर्डिंगवर सरसकट बहिष्कार टाकला. त्याचं म्हणणं, रेकॉर्ड आमचीच आणि तिच्यामुळेच हॉटेलं-रेडिओ आम्हाला बोलावत नाहीत. युद्ध चालू, अध्यक्ष रूझवेल्ट यांनीही विनंती केली, तरी तो हटला नाही. 1944 च्या अखेरीस मोठ्या कंपन्या नमल्या. प्रत्येक रेकॉर्डमागे ठरावीक रक्कम एका निधीत जायची आणि त्या निधीतून बेकार वादकांना मानधन देऊन लोकांसाठी फुकट मैफली व्हायच्या. श्रोत्याला फुकट आणि वादकाला पैसे, हे दोन्ही एकत्र बसू शकतं याचा तो पुरावा. ब्रिटनमध्ये मागे बसून व्हायोलिन वाजवणाऱ्यालाही रेकॉर्ड रेडिओवर वाजल्यावर वाटा मिळतो. अट एकच, त्या ध्वनिमुद्रणाच्या वादकांच्या यादीत त्याचं नाव नोंदलेलं हवं.

म्हणून फुकट गाण्याशी माझं भांडण नाही. कुर्ल्याच्या नेझीने 2014 मध्ये आयपॅडवर चित्रित केलेलं गाणं यूट्यूबवर फुकट टाकलं. अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिवाइन त्याच वाटेने आला. दोघांचं ‘मेरे गली में’ 2015 मध्ये आलं, 2019 मध्ये या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन ‘गली बॉय’ निघाला. त्यांनी गाणं वाटलं आणि कमाई केली कार्यक्रमांवर. रॅपवाला गाण्यात स्वतःचं नाव आणि स्वतःची गल्ली ठासून सांगतो, शाहिरासारखाच. मूळ गाणं कितीही ठिकाणी पसरलं तरी ते कुणाचं हे विसरायची सोय तो ठेवत नाही. अशोक हांडेंनी ‘मराठी बाणा’ तिकीट लावून, शिवाजी मंदिर ते कालिदास, हाउसफुल्ल चालवला. त्यात जी गाणी होती ती लोकांच्या घरी होतीच. लोक आले ते जिवंत वाद्यं ऐकायला. आता मात्र बऱ्याच कार्यक्रमांत ट्रॅक लावतात, गायक पुढे गातो आणि मागे दोन वादक शोभेला उभे. ते श्रोत्याला फसवणं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तिकीट घेतलंत तर जिवंत वाद्यं मागा.

‘जय जय महाराष्ट्र माझा’ 2023 मध्ये राज्यगीत झालं. राजा बढे, श्रीनिवास खळे, शाहीर साबळे ही तीन नावं मुलांना शिकवतात, शिकवायलाच हवीत. ज्यांच्या तालावर ते गाणं उभं आहे त्या वादकांची नावं कुणी सांगत नाही. तिथपासून सुरुवात करता येईल.

माझ्याकडे आता बोरिवली आणि मुलुंडला शिकायला मुलं येतात. 2014 ला मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपर-अंधेरी सोपं झालं आहे, त्यांना 340 ची वाट पाहावी लागत नाही. घरच्या खोलीत माइक लावून ती वाजवतात आणि फाइल पाठवतात. त्यांना मी ढोलकीइतकंच हे शिकवतो: करार वाच, सही करण्याआधी त्याचा फोटो काढ, फाइल पाठवताना सोबत वादकाचं नाव, वाद्य, तारीख लिहून पाठव, आणि गाणं आल्यावर ते नाव खाली आलं का ते बघ. नसेल तर विचार. गायकांच्या संस्थेच्या नावात आता वादकही आले आहेत. तिचा सदस्य हो. निर्मात्यांना माझी विनंती आहे की श्रेयनामावलीत दोन ओळी वाढवा, त्याला खर्च येत नाही. आणि संसदेने व्याख्येतलं ते शेपूट कापावं.

वाचकाकडे एकच मागणं. येत्या गणपतीत तुमच्या मंडळासमोर बँजो पार्टी वाजवेल, तुम्ही तिचा व्हिडिओ काढाल आणि सगळ्या जगाला फुकट पाठवाल. जरूर पाठवा. फक्त पाठवण्याआधी बँजोवाल्याला, ताशेवाल्याला, ढोलकीवाल्याला त्याचं नाव विचारा आणि खाली लिहा. जमलं तर त्याचा फोन नंबरही, म्हणजे पुढची सुपारी त्याला मिळेल.